मधले स्वतःचं घर विकतात

त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पोस्टमन सोडला तर ते कुणी वाचत नसे. घेणारा एका बाजूला, विकणारा दुसऱ्या बाजूला आणि हे मध्ये, म्हणून मधले. आधी लोक पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. शेवटी त्यांनीच फोन उचलून "हां, मधले बोलतोय" म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्या चेष्टेतली मजाच गेली.

घरांची दलाली हा धंदा असा, की काम होईपर्यंत माणूस देव आणि काम झालं की चोर. व्यवहार अडला की घेणारा म्हणतो, "मधले, तुम्हीच काहीतरी करा." व्यवहार झाला की तोच म्हणतो, "ह्यानं केलं काय? किल्ली लावली आणि दार उघडलं." मधल्यांच्या इमारतीत खाली लाँड्री होती. तिथला लाँड्रीवाला इस्त्री फिरवता फिरवता त्यांना रोज डिवचायचा.

"दोघं राजी असले तर तिसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं कशाला, हे मला अजून कळलं नाही."

"तुझ्याकडे शर्ट आणून टाकतात त्यांच्या घरी इस्त्री नसते?"

"असते की. आधी घरी जाळतात, मग माझ्याकडे आणतात."

"मग झालं तर. घरंही अशीच जळतात. आणतात नंतर माझ्याकडे, झाकून दाखवा म्हणून."

ह्यात बढाई होती, पण नुसती बढाई नव्हती. मधल्यांची कामाची एक पद्धत होती. गिऱ्हाईक यायच्या आधी ते स्वतः त्या घरी जात. आधी हॉलची खिडकी उघडत, मग आतल्या खोलीची, स्वयंपाकघराची शेवटी. दोरीवरचे ओले कपडे उतरवत. मोरीत बादलीभर पाणी ओतत. आणि सगळ्यात शेवटी घरमालकाला बाहेर काढत. "घर विकायचं तर आधी घरातलं माणूस बाहेर काढावं लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मालक घरात असला की तो बोलतो. इथं आमचा मुलगा पहिल्यांदा चालला, म्हणतो, आणि गिऱ्हाइकाला मुलगा दिसत नाही, त्याच्यामागची भेग दिसते. एका बाईंनी तर कुणी विचारलं नसताना सांगून टाकलं होतं, "पाणी भरपूर येतं हो, फक्त येताना नळ रडतो." ते घर पुढं वर्षभर पडून राहिलं.

आणि आजारी माणसाची खाट तर दिसताच कामा नये. खाट दिसली की गिऱ्हाईक मनातल्या मनात भाव उतरवतं. एका कंपाउंडरच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला मधल्यांनी असंच दुपारभर शेजारच्या घरी हलवलं होतं. म्हातारीनं जाता जाता त्यांच्या नावानं बोटं मोडली. मधले हसले. घर मात्र त्याच दुपारी विकलं गेलं, आणि कंपाउंडर पुढं रस्त्यात कुठंही भेटला तरी हात जोडायचा.

असे दिवस चालले होते, आणि एका सकाळी मधल्यांची बायको चहाचं भांडं हातात घेऊन उभी असतानाच कलली. उजवं अंग गेलं. वाचाही गेली. गेली म्हणजे सगळी नाही, तीन शब्द तेवढे राहिले: "आलं का कोणी?" असं होतं, डॉक्टर म्हणाले, एखादं वाक्य मागं राहतं, त्याला काही अर्थ नसतो.

ही बाई म्हणजे घरात पाय न ठरणारी. मूलबाळ नव्हतं, पण जिन्यातनं जाणाऱ्या प्रत्येकाची खबर तिला असायची. भाजी निवडायची तर उंबऱ्यावर बसून, केस विंचरायचे तर गॅलरीत उभं राहून. कुणाचं दुखतंय, कुणाचं जमतंय, कुणाचं मोडतंय, सगळं आधी तिला कळायचं. मधल्यांना निम्मी घरं तिच्याच बातमीवर मिळाली होती. आता ती तिसऱ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत, खिडकीशी, आणि खिडकीतनं दिसणार काय, तर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. लिफ्ट नव्हती.

मधल्यांनी ठरवलं, हे घर विकायचं आणि तळमजल्यावर जायचं. जागाही हेरली. मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढं रस्त्यालगत कठडा असलेली पडवी, समोर बसथांबा. पडवीत खुर्ची टाकली की दिवसभर माणसंच माणसं. तिथला म्हातारा मालक मधल्यांच्या उपकारातला होता. "थांबतो तुमच्यासाठी," म्हणाला, "पण मलाही मुलाकडे जायचंय. फार ताणू नका."

आता, मधल्यांचं घर विकायचं तर ते विकणार कोण? ह्या प्रश्नाला त्यांच्या लेखी एकच उत्तर होतं.

त्याच रस्त्यावर एक पार्लरवाली होती. आता पार्लर नव्हतं, पण नाव राहिलं होतं. पार्लरमध्ये बायका डोकं मागं टेकवून घरच्या गोष्टी बोलायच्या, त्यातनं कुणाला घर घ्यायचंय, कुणाला विकायचंय हे तिला कळत गेलं, आणि एक दिवस तिनं कात्री ठेवून किल्ल्या हातात घेतल्या. मधल्यांची निम्मी गिऱ्हाइकं तिनं पळवली होती. ती एक दिवस तीन जिने चढून आली, आजारी बाईच्या पायांशी थोडा वेळ बसली आणि बाहेर येऊन म्हणाली,

"काका, घर माझ्याकडे द्या."

"तू काल-परवापर्यंत भुवया कोरत होतीस."

"कोरत होते. म्हणून तर सांगते, स्वतःच्या भुवया स्वतः करू नयेत. एक वर जाते, एक खाली. मग ती खालची नीट करायला जावं तर भुवईच उरत नाही."

"आणि तुझी दलाली?"

"तुमच्याकडून नको मला. घेणाऱ्याकडून घेईन."

"फुकट औषध देणारा डॉक्टर आणि फुकट काम करणारा एजंट, दोघांपासून लांब राहावं," मधले म्हणाले. "चहा घेऊन जा."

ती चहा न घेताच गेली. जिन्यातनं तिचा आवाज आला, "लोकांना आयुष्यभर काय सांगत होतात, ते आठवा जरा."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक तरुण जोडपं. दोघांनाही चष्मा. तो रक्त तपासायच्या लॅबमध्ये, ती औषधांच्या दुकानात. सांगितलेल्या वेळेच्या बरंच आधी आले, त्यामुळे मधल्यांची खिडक्यांचीही तयारी झालेली नव्हती. पोरगी सरळ आतल्या खोलीत शिरली. खाट दिसली.

"आलं का कोणी?" खाटेवरून आवाज आला.

"हो काकू, आम्ही आलो," पोरगी म्हणाली आणि खाटेच्या कडेला टेकली.

बायको अर्ध्या तोंडानं हसली. पोरगी तिचा निर्जीव हात हातात घेऊन बोटं सरळ करत बसली आणि तिथूनच नवऱ्याला म्हणाली, "अरे, ह्या भिंतीला आपलं कपाट बसेल." घर घेणारा माणूस घर बघतो. ज्यानं मनात घेऊन टाकलंय तो आपलं कपाट बघतो. मधल्यांना हे न कळायला ते काल धंद्यात आले नव्हते. पोरानं भाव सांगितला, तोही मधल्यांनी मनात धरलेल्या आकड्याच्या जवळपासचा. फार तर बोटभर कमी.

हो म्हणायचं होतं, बस्स. पण जन्मभराची सवय झालेली जीभ. ती आपोआप वळली.

"उद्या आणखी एक पार्टी येतेय," मधले म्हणाले. "बघू."

पार्टीबिर्टी कुणी नव्हती. पण मालकाच्या वतीनं ही थाप त्यांनी शेकडो वेळा मारली होती आणि ती कधी फुकट गेली नव्हती. का, तर थाप मारून झाली की संध्याकाळी तेच गिऱ्हाइकाच्या घरी जात, चहा घेत आणि हळू आवाजात म्हणत, "मालक जरा कडक आहेत. पण मी समजावतो त्यांना." दार लावणारा एक आणि फट ठेवणारा दुसरा, अशी ती दोघांची जोडी असे. इथं मालकही तेच आणि समजावणारेही तेच. दार लावलं, आणि फट ठेवायला कुणी नव्हतं.

पोरानं चष्मा पुसला. "मग त्यांना आधी बघू दे, काका. आम्हाला कुणाचं हिसकावून घ्यायचं नाही."

दोघं गेली. मधले फोनची वाट बघत बसले. जो आधी फोन करतो तो भाव हरतो, हाही त्यांचाच नियम. फोन हातात धरून त्यांनी दिवस काढले, पण नंबर लावला नाही. मग लाँड्रीवाल्याकडून कळलं की त्या चष्म्यांनी पलीकडच्या रस्त्याला घर घेतलं, पार्लरवालीच्या मध्यस्थीनं.

आता इथं दुसऱ्या कुणाचं घर असतं तर मधल्यांनी मालकाला तोंडावर सांगितलं असतं, "तुमच्या जिभेनं घात केला." स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी विचार केला, केला, आणि निष्कर्ष काढला की खाट दिसली म्हणूनच गेले ते.

तेव्हापासून ठरलं. गिऱ्हाईक यायचं असलं की बायकोला खाली न्यायचं. हात असलेली एक जुनी खुर्ची होती. तिच्यात तिला बसवायचं, ओढणीनं कमरेला बांधायचं, पुढून मधले आणि मागून लाँड्रीवाला. पहिल्या दिवशी ती घाबरून डोळे मिटून बसली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक दार उघडं होतं, आत कुणीतरी रेडिओ लावलेला. तिनं डोळे उघडले आणि मान वळवून बघत राहिली. खाली लाँड्रीत, वाफेच्या उबेत, काउंटरशेजारी खुर्ची ठेवली. कपडे घ्यायला आलेल्या बायका थांबल्या. "अगंबाई, किती दिवसांनी." लाँड्रीवाल्यानं तिच्या मांडीवर धुतलेल्या रुमालांचा ढीग ठेवला. डाव्या हातानं तिनं एकेक घडी घातली. वाकडीतिकडी, पण घातली. तिला वर आणायला गेलेल्या मधल्यांना तिनं रुमाल दाखवला.

"छान," ते म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. वरच्या गिऱ्हाइकानं जिने मोजत नाक मुरडलं होतं.

मग असे बरेच जण आले. एका बाईंना ओटा आखूड वाटला. एक गृहस्थ घर बघायला आले आणि राजकारणावर बोलून गेले. एकानं टाकीकडे बोट दाखवून "व्ह्यू हाच का?" म्हणून विचारलं. प्रत्येक वेळी खुर्ची खाली, खुर्ची वर. मधल्यांचा खांदा भरून यायचा. आणि रोज सकाळी डोळे उघडले की बायको विचारायची, "आलं का कोणी?" तोंड तेवढंच, शब्द तेवढेच, पण आता त्यात काहीतरी मागणं असायचं.

"येतील गं," मधले म्हणायचे. "तुला माझ्यापेक्षा घाई झालीय तळमजल्याची. विकलं जाईल."

तिकडं पडवीवाला म्हातारा चुळबुळायला लागला. थंडी सुरू झाली होती. थंडी संपायच्या आत मला मोकळा करा, म्हणाला.

आणि मग टायरवाला आला. टायरांची तीन दुकानं, मुलाला वेगळं घर हवं होतं, हातात रोख. असं गिऱ्हाईक वर्षात एकदा येतं. नेमका त्या दिवशी लाँड्रीवाल्याला सासुरवाडीला जायचं होतं. त्यानं जाता जाता खुर्ची खाली उतरवून दिली, पण दुकानाचं शटर ओढून घेतलं.

"इथं गारठ्यात कशा बसतील वहिनी?"

"अर्ध्या तासाचं तर काम आहे," मधले म्हणाले. त्यांनी जिन्याखाली, वीजमीटरांच्या बाजूला खुर्ची लावली, शाल गुंडाळली, पायांवर आपला कोट टाकला. "आलोच मी."

टायरवाला उशिरा आला. आला तो घाईत नव्हता. भिंतीवर टकटक करून बघितलं, नळ सोडून बघितले, खिडकीच्या गजांना लोंबकळून बघितलं. मग बसला आणि भाव पाडायला लागला. मधल्यांना कित्येक महिन्यांत असा तोलाचा माणूस भेटला नव्हता. त्यांच्या अंगात जुनं बळ संचारलं. इतकं, की बोलता बोलता ते म्हणून गेले,

"एवढ्याला मालक ऐकणार नाहीत."

"मालक तुम्हीच ना?" टायरवाल्यानं विचारलं.

"हो. म्हणून तर खात्रीनं सांगतोय."

दोघंही हसले. हसणं थांबलं तेव्हा उघड्या दारातनं, जिन्याच्या पोकळीतनं, खालून बारीक आवाज आला. "आलं का कोणी?" थोड्या वेळानं पुन्हा.

"कोण आहे?" टायरवाल्यानं मान वर केली.

"कुणी नाही. खालची माणसं," मधले म्हणाले, उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

व्यवहार ठरला. चष्मेवाल्या पोरानं सांगितलेल्या भावापेक्षा चांगला ठरला. टोकन खिशात घालून, टायरवाल्याला पुढं घालून मधले जिने उतरले. उतरताना ते मनात वाक्य जुळवत होते, की खुर्ची उचलायच्या आधी तिच्या कानात सांगायचं, पडवी मिळाली म्हणून. टायरवाला मीटरांच्या पुढून निघून गेला, त्यानं वळूनही पाहिलं नाही. शाल खाली पडली होती. ओढणीमुळं बायको खुर्चीतनं खाली आली नव्हती इतकंच. तोंड एका बाजूला, डावा हात कोटावर. कोटाची बाही घडी घातल्यासारखी दुमडलेली होती.

हॉस्पिटलात नेलं. ती शुद्धीवर आली नाही.

सुतकाचे दिवस सरत नाहीत तोवर टायरवाला भेटायला आला. माणूस वाईट नव्हता. येऊन बसला. मग त्याची नजर छताकडे गेली, तिथनं आतल्या खोलीकडे.

"वहिनी... घरातच गेल्या?"

"नाही. हॉस्पिटलात."

"आणि त्रास सुरू झाला तो?"

"खाली. जिन्याखाली."

टायरवाल्यानं श्वास सोडला. मधल्यांनी तो बघितला. घर घेण्यापूर्वी हा प्रश्न विचारा आणि उत्तर हो आलं तर भाव पाडा, हे त्यांनी स्वतः किती जणांना शिकवलं होतं. त्यांना राग आला नाही. एखाद्यानं आपलंच वाक्य आपल्याला म्हणून दाखवावं तसं त्यांना झालं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

पार्लरवालीही आली. ती मात्र रडली, आणि डोळे पुसून कामाचं बोलली. "मी टायरवाल्याशी बोलते. टोकन परत करू. तो ऐकेल माझं. तुम्हाला आता तळमजला कशाला हवाय? राहा इथंच."

"तीन जिने चढून यायचं कुणाकडे?"

तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं.

"विकून टाक," मधले म्हणाले. "तूच बघ पुढचं. मला मधे घेऊ नकोस." पडवीवाल्या म्हाताऱ्याला त्यांनी आधीच मोकळं केलं होतं. स्वतःपुरती एक भाड्याची खोली पार्लरवालीनंच बघून दिली. कितव्या मजल्यावर आहे हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

मग टायरवाल्याची बायको आणि मुलगा घर बघायला येणार, असा दिवस ठरला. पार्लरवाली आधी येऊन हजर. दोरीवरचा एकुलता एक सदरा तिनं काढून ठेवला. मधले आतल्या खोलीत उभे होते. खाट केव्हाच देऊन टाकली होती, पण फरशीवर तिच्या पायांचे चार ठसे होते.

"इथं खाट होती," ते म्हणाले. "खिडकीतनं टाकी दिसते. तिला ती टाकी अजिबात आवडायची नाही. आणि थंडीत ह्या भिंतीला ओल..."

"काका," पार्लरवाली हळू म्हणाली. "ती माणसं येतील आता. तुम्ही जरा खाली जाऊन बसता का?"

मधले तिच्याकडे बघत राहिले. मग चपला पायांत सरकवून निघाले.

लाँड्रीत वाफ होती. जिन्याखालची ती खुर्ची लाँड्रीवाल्यानं परत काउंटरशेजारी आणून ठेवली होती. वर न्यायची कुणाला आठवण झाली नव्हती. मधले तिच्यात बसले. लाँड्रीवाला एरवी काहीतरी टोमणा मारायचा, आज त्यानं इस्त्री बाजूला ठेवली.

"आली का माणसं?"

"येताहेत."

"इथं बसल्या की वहिनींना बरं वाटायचं," लाँड्रीवाला म्हणाला. "ह्या दारातनं कुणी आलं की विचारायच्या, आलं का कोणी. मी म्हणायचो, आलं की, हे काय. मग हसायच्या." त्यानं काउंटरवरची घडी सरळ केली. "मला वाटतं, घर विकण्याबिकण्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त खाली यायचं असायचं."

मधले खुर्चीचा हात चाचपत राहिले.

"दुपारी मी मोकळाच असतो. म्हटलं होतं मी तुम्हाला, रोज आणत जाऊ त्यांना. तासभर."

"कधी म्हणालास?"

"म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, गिऱ्हाईक नसताना कशाला उगाच."

मधल्यांना आठवलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर, खुर्ची वर नेताना, धापा टाकत म्हणाले होते ते. ती दोघांच्या मधे बसलेली होती.

बाहेर गाडी थांबली. टायरवाल्याची बायको आणि मुलगा उतरले आणि वर बघत जिन्याकडे गेले. थोड्या वेळानं तिसऱ्या मजल्यावर खिडकी उघडल्याचा आवाज आला. स्वयंपाकघराची. मधल्यांनी मान वर केली. आधी हॉलची उघडायची असते. पण ते खुर्चीतनं हलले नाहीत. लाँड्रीवाल्यानं पुन्हा इस्त्री उचलली आणि दुसऱ्या हातानं धुतलेल्या रुमालांचा ढीग त्यांच्या मांडीवर सरकवला.